एक गोष्ट, एक रात्र: कथासंग्रहाच्या वाटेने जीएंपर्यंत

हरभऱ्याला पाणी द्यायचं आहे आणि या आठवड्यात थ्री फेज लाईन, म्हणजे मोटारीची वीज, रात्री साडेबाराला येणार आहे. जेवून वावरात जाऊन बसलं की लाईन येईपर्यंत दीड-दोन तास हाताला काम नसतं. मोबाईलचा दिवसाचा डेटा संपलेला, रेंज मिळाली तर बांधावरच्या बाभळीखाली. मी कथा वाचायला लागलो तो या दीड-दोन तासांत. त्याआधी बारावीच्या पुस्तकातले धडे सोडले तर एकही गोष्ट मी आपल्या मर्जीने वाचलेली नव्हती.

आता गावातल्या वाचनालयात संध्याकाळी मीच बसतो. पोरंपोरी येतात, बहुतेक स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांसाठी. त्यातलं एखादं मग हळूच विचारतं, "दादा, जीए चांगले असतात म्हणे. कोणतं नेऊ?" जीए म्हणजे कथाकार जी. ए. कुलकर्णी. आणि मी उत्तर देईपर्यंत कपाटातलं सगळ्यात जाड पुस्तक त्याच्या हातात आलेलं असतं. ते पुस्तक पंधरा दिवसांनी परत येतं तेव्हा त्यातली खूण बावीस-तेवीसाव्या पानावर असते. हे मी इतक्यांदा पाहिलं आहे की एकदाचं सगळं लिहूनच काढलं.

लेखक कोणता घ्यायचा

मोठ्या लेखकाची ओळख करून घ्यायची तर कथासंग्रहापासून सुरुवात करा, हे माझं पहिलं सांगणं. कादंबरी महिनाभर लक्ष मागते. आपल्याकडे विदर्भात जुलैत डवरणी आणि निंदण, नोव्हेंबरात कापूस वेचणी. आठ दिवस खंड पडला की कोण कोणाचा मामा होता तेच आठवत नाही. कथा लाईन येण्याआधी संपते.

आजवर काहीच वाचलेलं नसेल, तर व्यंकटेश माडगूळकरांचं 'माणदेशी माणसं' घ्या. १९४९ सालचं पुस्तक. एकेक माणूस, आठ-दहा पानं, सरळ भाषा. मुलूख आपला नाही, पण दुष्काळ ओळखीचा आहे. आपलीच बोली कागदावर पाहायची हौस असेल तर बुलढाणा जिल्ह्यातल्या अमडापूरचे सदानंद देशमुख आहेत. 'बारोमास' या कादंबरीसाठी त्यांना २००४ साली साहित्य अकादमी मिळालं, म्हणून लोक तिकडेच धावतात. पण 'लचांड' किंवा 'महालूट' हे त्यांचे कथासंग्रह आधी वाचले तर ती कादंबरी पचायला सोपी जाते. आणि बाबूराव बागूल. 'जेव्हा मी जात चोरली होती' हा १९६३ चा संग्रह. त्यातली नावाची कथा खोली शोधणाऱ्या माणसाची आहे. शिकायला नागपूर-अमरावतीला गेल्यावर भाड्याने खोली बघताना घरमालकाने आडनाव विचारलं की पोटात कसा खड्डा पडतो हे ज्याला ठाऊक आहे, त्याला ही कथा समजावून सांगावी लागत नाही.

हे तिघं दार उघडं ठेवून बसलेले लेखक. चौथे, जी. ए. कुलकर्णी, दार लोटून बसलेले आहेत. त्यांची भीती सगळ्यात जास्त, म्हणून पुढचं सगळं त्यांच्याबद्दल सांगतो. ही रीत बाकीच्यांनाही लागू पडते.

संग्रह कोणता घ्यायचा

सगळ्यांना माहीत असलेलं नाव 'काजळमाया'. १९७३ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. पुढे पुस्तकाच्या प्रकाशन-वर्षावरून वाद उठला आणि जीएंनी पुरस्कार परत करून टाकला. इतकी मोठी हकीकत मागे असल्यावर नवा माणूस तेच पुस्तक उचलणार. मीही उचललं होतं. साल २०१७, गुलाबी बोंडअळीचं. पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, उभी दिसत होती आणि बोंडं आतून किडलेली. अशा दिवसांत 'काजळमाया' पहिल्या पानापासून वाचायला घेतलं आणि रोज दोन-दोन कथा ओढत गेलो. चौथ्या दिवशी पुस्तक ट्रंकेत ठेवलं ते पुढे दोन वर्षं काढलंच नाही. दोष पुस्तकाचा नव्हता. चांगलं जेवण वाढलं आणि मी ते बकाबका गिळलं, एवढंच.

आणखी एक पुस्तक सुरुवातीला टाळायचं, 'रमलखुणा'. त्यात 'प्रवासी' आणि 'इस्किलार' अशा दोनच कथा आहेत, आणि दोन्ही लांबलचक. पातळ पुस्तक आहे म्हणून पोरं नेतात आणि फसतात.

काही जाणकार सांगतात की 'निळासावळा' (१९५९), मग 'पारवा', मग 'हिरवे रावे' अशा क्रमाने वाचा. सुरुवातीच्या कथांत घरं, नाती, गरिबी, अपमान असं आपल्या ओळखीचं जग जास्त आहे. पुढे पुढे ते दंतकथेसारखं, कोड्यासारखं होत जातं. क्रम तर्काला धरून आहे, पण तीन संग्रह झाल्यावर खरी गंमत येईल असं सांगितलं तर नवा वाचक थांबत नाही. माझा कौल १९७७ च्या 'पिंगळावेळ'ला. त्यात 'कैरी' आहे, लहान मुलाच्या डोळ्यांनी पाहिलेली, घरगुती. तिच्यावर अमोल पालेकरांनी चित्रपटही काढला. त्याच पुस्तकात 'स्वामी' आहे, जी वाचून रात्री मठाच्या बाजूने जायची हिंमत होणार नाही. एकाच पुस्तकात जीएंचे दोन्ही हात दिसतात. पुस्तकाचं नावही आपल्याकडचंच वाटतं. भविष्य सांगणारा पिंगळा कुडमुडं वाजवत दारावर येतो ती पहाटेच्या आधीची वेळ. कडुनिंबावर बसून ओरडतो तो घुबडासारखा पक्षीही पिंगळाच.

पुस्तक मिळवणं आणि तपासणं

विकत घेणं जमत असेल तर उत्तम. नसेल तर आपल्या आसपासचं सार्वजनिक वाचनालय शोधा. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली सरकारी मान्यता मिळालेली वाचनालयं अ, ब, क, ड अशा वर्गांत असतात. खेड्यातली बहुतेक क किंवा ड. त्यांना नावं ठेवू नका. नवी पुस्तकं तिथे कमी येतात, पण तीस-चाळीस वर्षांपूर्वी कोण्या हौशी मास्तरांनी मागवलेले चांगले कथासंग्रह कपाटाच्या वरच्या कप्प्यात पडून असतात. यादीत नाव नाही म्हणाले तरी स्टूल घेऊन वरचा कप्पा बघाच. तिथे नसेल तर तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या वाचनालयात अनामत भरून सभासद व्हा. बाजाराच्या दिवशी पुस्तक बदलून आणता येतं.

आणि घरी नेण्याआधी पानं मोजा. हे मी गमतीने सांगत नाही.

दोन वर्षांनी मी पुन्हा जीएंकडे वळलो तेव्हा शेजारगावच्या एका वाचनालयातून 'पिंगळावेळ' आणलं. देवघेवीच्या वहीत त्या पुस्तकासमोर शेवटची सही अकरा वर्षांपूर्वीची होती. वावरात बॅटरीच्या उजेडात 'स्वामी' काढली. प्रवासात अडकलेला एक माणूस, त्याला गोड बोलून मठात नेतात, मान देतात, आणि मान देता देता आत आत नेऊन कोंडतात. श्वास धरून वाचत होतो आणि पान उलटलं तर पुढे वाळवीने केलेली जाळी. शेवटची पानं मातीच्या पोपड्यांसारखी हातात आली. गोष्ट तिथेच तुटली.

शेजारच्या वावरातले काका जागलीला यायचे, रोही (नीलगाई) आणि रानडुकरं हाकायला. निरक्षर माणूस, पण गोष्ट ऐकायला एकदम तयार. मी त्यांना शेकोटीपाशी सगळी कथा सांगितली, तुटली तिथपर्यंत. म्हटलं, "काका, पुढं काय झालं असंल?"

काकांनी तुराटीने निखारे सारखे केले. बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "तो तिथंच राह्यला असंल, बापू. निंगता येत असतं तं गोस्ट कायले सांगतली असती?"

पुढे तीन आठवडे मला पूर्ण प्रत मिळाली नाही. त्या तीन आठवड्यांत मी मनातल्या मनात त्या कोठडीला किती दारं पाडली आणि काकांनी एकेक करून किती बुजवली याचा हिशेब नाही. एक कथा इतके दिवस सोबत राहू शकते हे मला तेव्हा कळलं. 'काजळमाया'च्या वेळी नेमकं हेच मी होऊ दिलं नव्हतं. पुढची सगळी रीत त्यातूनच निघाली.

वाचायला बसताना

प्रस्तावना किंवा मलपृष्ठावरचा मजकूर असेल तर आत्ता वाचू नका. अनुक्रमणिका उघडा, पानांचे आकडे वजा करा आणि सगळ्यात छोटी कथा काढा. तिथून सुरू करा. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत जायचा नियम कथासंग्रहाला लागू नाही. या कथा लेखकाने एका दमात, या क्रमाने लिहिलेल्या नसतात. जीएंच्या कथा 'सत्यकथा'सारख्या मासिकांतून आणि दिवाळी अंकांतून एकेक करून येत राहिल्या. मूळ वाचकाला एका वेळी एकच कथा मिळायची, आणि पुढची येईपर्यंत त्याला तीच घोळवत बसावं लागायचं. आपण चौदा अंक एकाच रात्री फाडून बसतो आणि म्हणतो, डोकं जड झालं.

म्हणून एका रात्री एकच कथा. वाचताना मध्ये उठायचं नाही. चहा आधी पिऊन घ्या, मोटारचा स्टार्टर आधी बघून घ्या. कथा संपली की पुस्तक बंद. पुढची कितीही खुणावत असली तरी दुसऱ्या दिवशी. हा एक नियम मी सगळ्यांना सांगतो आणि सगळे मोडतात. मोडल्यावर पुन्हा इथूनच सुरू करा.

अडलेल्या शब्दासाठी थांबू नका. जीए बेळगाव-धारवाडकडचे. धारवाडला कॉलेजात इंग्रजी शिकवायचे. त्यांच्या मराठीला तिकडचा वास आहे. काही शब्द आपल्याकडे चालत नाहीत. आपल्या आजीच्या तोंडचे 'निंगणं', 'काऊन' पुण्याच्या माणसाला कुठे कळतात? तरी तो तिच्याशी बोलतोच ना. शब्द अडला की वाक्य पूर्ण करा, बहुतेक वेळा अर्थ पुढच्या ओळीत सापडतो. तिसऱ्यांदा तोच शब्द आला तर चिठ्ठीवर लिहा. चिठ्ठीवर, पुस्तकावर नाही. वाचनालयाच्या पुस्तकात पेन चालवणाऱ्यांची यादी माझ्याकडे आहे.

वस्तू धरून ठेवा

"समजली नाही" असं म्हणणाऱ्याला मी एकच विचारतो: गोष्टीतली कोणती वस्तू डोळ्यांसमोर राहिली?

'माणदेशी माणसं'मध्ये धर्मा रामोशी आहे. त्याच्या कथेत एक धोतर आहे. लेखक ते धोतर कोणाला देतो आणि पुढे ते कोणाच्या अंगावर दिसतं, एवढं बघा. गरिबी, इभ्रत, बापाचं मन, सगळं त्या एका कापडात गुंडाळलेलं आहे आणि माडगूळकर त्यावर एक शब्दही जास्तीचा बोलत नाहीत. 'कैरी'त नावातच वस्तू दिली आहे. 'स्वामी'त एक वेल आहे. ती कुठून येते आणि कुठे जाते ते मी सांगणार नाही, पण कथा वाचताना ती वेल दिसली की तिला सोडू नका.

वस्तू हाती लागली की दुसऱ्या दिवशी काम करता करता तिचाच विचार करा. ही वस्तू पहिल्यांदा कधी आली, कोणाच्या हातात होती, शेवटी कुठे आहे. निंदताना, वेचताना, बंडीवर बसून जाताना डोकं तसंही रिकामंच असतं. तीन प्रश्नांची उत्तरं आली की कथा बरीचशी समजलेली असते, आणि नसली आली तरी बिघडत नाही. जीएंच्या काही कथा मला अजून कळलेल्या नाहीत. 'काजळमाया'तली 'विदूषक' मी तीनदा वाचली आहे आणि तिन्ही वेळा मला वेगळी वाटली.

कोणाला तरी सांगा

यासाठी वाचणारा माणूस लागत नाही, ऐकणारा पुरतो. आई, मजुरीला येणारी मावशी, एसटीत शेजारी बसलेला. कथा सांगायला लागलात की लगेच कळतं कुठे नीट वाचली आणि कुठे नुसती नजर फिरवली. जिथे सांगताना अडखळाल तिथलं पान रात्री पुन्हा काढा. ऐकणारा मध्येच "पण तो परत काऊन नाही गेला?" असं विचारेल. तो प्रश्न चिठ्ठीवर लिहून ठेवा. समीक्षेच्या पुस्तकातल्यापेक्षा मला अशा प्रश्नांनी जास्त मदत केली आहे. समीक्षेची पुस्तकं मी वाचली नाहीत असं नाही, त्यातली दोन तर फार चांगली होती, पण ती जागलीच्या शेकोटीपाशी सांगता येत नाहीत.

एक सावधगिरी. जीएंच्या जगात सुटका सहसा नाही. माणसं हरतात, आणि हरताना त्यांची चूकही धड नसते. घरात आधीच दुःखाचे दिवस असतील, पीक बुडालं असेल, कोणी गेलं असेल, तर हे पुस्तक चार महिने बाजूला ठेवा. तोवर माडगूळकर वाचा, किंवा जीएंचीच 'बखर बिम्मची' वाचा. ती लहान मुलांसाठी लिहिलेली आहे. हाच माणूस तिथे इतका मोकळा हसतो की खरं वाटत नाही.

लेखकाची माहिती शेवटी

पाच-सहा कथा झाल्या की मग लेखक कोण होता ते बघा. पूर्ण नाव गुरुनाथ आबाजी कुलकर्णी. जन्म १९२३, मृत्यू १९८७. सभा-संमेलनांपासून लांब राहिलेला, काळा चष्मा लावणारा माणूस. हे आधीच वाचलं तर प्रत्येक कथेत तो चष्माच दिसायला लागतो. त्यांची निवडक पत्रंही छापली गेली आहेत. ती मात्र कथा वाचून झाल्यावरच वाचा. कथेत गप्प बसणारा माणूस पत्रांत भरभरून बोलतो, आणि त्याची चव आधी कथा चाखल्याशिवाय येत नाही.

त्यानंतर 'काजळमाया' उघडा. त्याच रीतीने, छोट्या कथेपासून, रात्रीला एक. 'निळासावळा', 'पारवा', 'हिरवे रावे' मग आपोआप होतात. 'रमलखुणा' सगळ्यात शेवटी, आणि ते हिवाळ्यात नको. उन्हाळ्यात वावर मोकळं असतं, दोन लांब कथांना दोन निवांत दुपारी मिळतात.

'पिंगळावेळ'ची पूर्ण प्रत मला जिल्ह्याच्या ठिकाणी मिळाली तेव्हा हरभरा घाट्यावर आला होता. त्याच रात्री काकांना शेवटची पानं वाचून दाखवली. वेलीपाशी आलो तेव्हा त्यांनी हाताने थांबवलं आणि ती दोन वाक्यं पुन्हा वाचायला लावली. मग बिडी शिलगावली.

"हा शेवट चांगला हाय," ते म्हणाले. "पण आपलाबी काही वाईट नव्हता."

साडेबाराला लाईन आली. मी मोटार चालू करायला उठलो. मागून काका विचारत होते, "त्या पुस्तकात अजून किती गोस्टी राह्यल्या?"